कोआला एवढा का झोपतो? उत्तर पानात आहे

निलगिरीचं पान चुरगळून नाकाशी धरलं की जो झणझणीत वास येतो, तो झाडाने आपल्या सर्दीसाठी तयार केलेला नाही. पान खायला येणाऱ्याला हाकलण्यासाठीचं ते तेल आहे. वाफाऱ्यात त्याचे दोन थेंब बरे वाटतात, पण तेच चमचाभर पोटात गेलं तर लहान मुलाला झटके येऊ शकतात, शुद्ध हरपू शकते. 1980 च्या दशकात सामाजिक वनीकरणात आपल्याकडे निलगिरी जोरात लावली गेली, तेव्हा तिच्या बाजूने सांगितला जाणारा एक मुद्दा हाच होता की गुरं-शेळ्या तिला तोंड लावत नाहीत, राखण करायला नको.

शेळीसुद्धा जे सोडून देते त्या पानावर कोआला अख्खं आयुष्य काढतो. त्याच्याबद्दल आपल्याला ज्या गोष्टींची गंमत वाटते, म्हणजे दिवसभराची झोप, झाडाला मारलेली मिठी, आईची विष्ठा खाणारं पिल्लू, त्या सगळ्या या एका पानापाशी येऊन थांबतात. आज त्याच्यावर जी वेळ आली आहे, तीही बरीचशी याच पानामुळे.

आधी थोडी ओळख. कोआला अस्वल नाही, अस्वलाशी त्याचं दूरचंही नातं नाही. तो कांगारूसारखा पिशवीवाला प्राणी. त्याचा आज हयात असलेला सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे जमिनीत बिळं करून राहणारा वॉम्बॅट. क्वीन्सलँडपासून न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरियामार्गे दक्षिण ऑस्ट्रेलियापर्यंतच्या पट्ट्यात तो राहतो. बाकी जगात कुठेच जंगली कोआला नाही. उत्तरेकडचे कोआला अंगाने लहान, नर साडेसहा किलोच्या आसपास. दक्षिणेकडच्या थंडीतला नर बारा किलोपर्यंत भरतो आणि त्याची लोकरही दाट असते. पुढच्या पंजाला एक सोडून दोन अंगठे असतात, त्यामुळे फांदीवरची पकड पक्की बसते. बोटांवर माणसासारखे ठसेही असतात, इतके सारखे की सूक्ष्मदर्शकाखालीही फरक ओळखणं अवघड जातं.

आता पानाकडे वळू. युकॅलिप्टसच्या ऑस्ट्रेलियात सातशेच्या वर जाती आहेत. आपण ज्यांना सरसकट निलगिरी म्हणतो, त्या यातल्या मोजक्या. कोआला यातल्या काही डझन जातींची पानं खातो, आणि एका ठिकाणचा कोआला तर त्यातल्या चार-पाच जातींवरच भर देतो. पानात निम्म्याहून जास्त पाणी, भरपूर चोथा, अगदी थोडी प्रथिनं. वर विषांचा थर: वासाची तेलं, प्रथिनांना चिकटून ती पचू न देणारी टॅनिन, आणि फॉर्मिलेटेड फ्लोरोग्लुसिनॉल नावाची, उच्चारायलाच दमवणारी संयुगं. नाव विसरा, काम लक्षात ठेवा: ती जास्त झाली की मळमळ सुरू होते आणि खाणारा आपसूक थांबतो.

यातली मेख अशी की ही संयुगं जातीनुसार तर बदलतातच, पण एकाच जातीच्या दोन शेजारच्या झाडांतही त्यांचं प्रमाण सारखं नसतं. व्हिक्टोरियातल्या फिलिप आयलंडवर संशोधकांनी एका राखीव जागेतल्या झाडांच्या पानांचं रसायन तपासलं आणि कोआला कुठल्या झाडावर किती येतात याच्याशी ते ताडून पाहिलं. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून दिसलं की कोआला मोठी झाडं निवडतात, पण मोठ्यांतलीही विष कमी असलेली. आपल्याला हिरवंगार दिसणारं जंगल कोआलाच्या लेखी खाण्याजोग्या आणि न खाण्याजोग्या झाडांचा ठिपक्याठिपक्यांचा नकाशा असतो. प्रत्येक पान तोंडात घालण्याआधी तो हुंगतो, आणि पुष्कळदा हुंगून सोडून देतो. प्राणिसंग्रहालयात कोआला सांभाळणाऱ्यांना रोज ताज्या फांद्या, त्याही निरनिराळ्या जातींच्या, आणून लावाव्या लागतात. काल आवडलेली फांदी आज त्याला नकोशी होऊ शकते.

हे पान पोटात गेल्यावर दोन कारखाने कामाला लागतात. एक यकृत. 2018 मध्ये कोआलाचा जनुकीय आराखडा पूर्ण वाचला गेला, तेव्हा शरीरातली विषं मोडणाऱ्या विकरांच्या एका गटाची तब्बल 31 जनुकं त्याच्यात सापडली. कडू चव ओळखणारी जनुकंही इतर पिशवीवाल्या प्राण्यांपेक्षा जास्त निघाली. म्हणजे विष मोडायची तयारी आहे, पण आधी जिभेवर पारखून घ्यायचीही आहे. या जबरदस्त यकृताचा एक वाईट परिणाम जखमी कोआलांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना भोगावा लागतो. इतर प्राण्यांना दिवसभर पुरणारी वेदनाशामकं कोआलाचं यकृत भराभर मोडून टाकतं. औषध आणि विष यातला फरक यकृताला कळत नाही.

दुसरा कारखाना म्हणजे अंधांत्र, लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची पिशवी. माणसात ती जेमतेम काही सेंटिमीटरची असते. कोआलात सुमारे दोन मीटर लांब! शरीराच्या मानाने एवढं मोठं अंधांत्र क्वचितच कुठल्या सस्तन प्राण्याचं असेल. तिथे कोट्यवधी जिवाणू चोथा कुजवून त्यातून थोडीफार ऊर्जा काढतात. जाडाभरडा चोथा लवकर बाहेर फेकला जातो. बारीक कण आणि रस मात्र आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त आत ठेवून घेतले जातात. दात हा या सगळ्याचा पहिला टप्पा. पान जितकं बारीक चावलं जाईल तितकं पचेल, म्हणून म्हातारपणी दाढा झिजल्या की कोआला भरल्या झाडावर बसून उपाशी मरू शकतो.

आता झोपेचं कोडं सुटतं. दिवसाला दोनशे ते पाचशे ग्रॅम पानं, त्यातली निम्मी पाणी, उरलेल्यातला बराचसा चोथा, आणि जे पचलं त्यातलाही काही भाग विष मोडण्यात खर्च. हातात उरतं ते फार थोडं. तेव्हा कोआलाने मिळकत वाढवायचा नाद सोडून खर्च कापला आहे. त्याचा चयापचय त्याच्याच वजनाच्या इतर सस्तन प्राण्यांच्या जवळपास निम्म्या वेगाने चालतो. 1980 च्या दशकात व्हिक्टोरियात झालेल्या एका अभ्यासात कोआलाच्या दिवसाचा हिशोब मांडला गेला: साडेचौदा तास झोप, पावणेपाच तासांच्या आसपास नुसतं जागं बसणं, साधारण तेवढाच वेळ खाणं, आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्यात चार मिनिटं. चोवीस तासांत चार मिनिटं. इंटरनेटवर फिरणारी ‘कोआला निलगिरीच्या नशेत असतो’ ही गोष्ट निव्वळ थाप आहे. नशा चढली असती तर वीस मीटर उंचीवरच्या फांदीच्या बेचक्यात तो असा निवांत टिकला नसता. त्याला आळशी म्हणणंही मला पटत नाही. इतक्या तुटपुंज्या कमाईत घर चालवणाऱ्याला आपण काटकसरी म्हणतो.

पिल्लाची गोष्ट याहून विलक्षण आहे. साधारण 35 दिवसांच्या गर्भावस्थेनंतर जन्मणारं पिल्लू दोन सेंटिमीटरचं, वजन अर्धा ग्रॅम. डोळे नाहीत, कान नाहीत, केस नाहीत. नुसत्या वासावर आणि स्पर्शावर ते आईच्या पोटावरून सरपटत पिशवीत शिरतं, सडाला चिकटतं आणि पुढचे सहा महिने तिथेच दुधावर वाढतं. अडचण पुढे येते. दुधावरून पानावर यायचं तर पोटात पान पचवणारे जिवाणू हवेत, आणि पिल्लाच्या आतड्यात ते नाहीत. ते आईच्या अंधांत्रात आहेत. म्हणून ठरावीक वयात आई नेहमीच्या सुक्या लेंड्यांऐवजी एक मऊ, ओलसर, हिरवट लगदा बाहेर टाकते आणि पिल्लू पिशवीतून डोकं काढून तो खातं. कोआलाची पिशवी वॉम्बॅटसारखी खालच्या बाजूला उघडते, त्यामुळे हे जमतं. आपल्याला किळस येईल, पण हे विरजण आहे. आधीच्या दह्याचा चमचा पडल्याशिवाय दुधाचं दही होत नाही, तसं आईकडचा हा लगदा गेल्याशिवाय पिल्लाच्या पोटात पान पचत नाही.

हे विरजण किती नेमकं असतं, ते दक्षिण व्हिक्टोरियातल्या केप ऑटवेमध्ये फार वाईट प्रकारे दिसलं. तिथे कोआलांची संख्या इतकी वाढली की त्यांनी मॅना गम या आवडत्या झाडांची पानंच संपवली. 2013 च्या सुमारास झाडं उघडी पडली आणि कोआला उपासमारीने मरू लागले. शेजारीच मेसमेट नावाच्या दुसऱ्या युकॅलिप्टसची झाडं पानांनी भरलेली होती, तरी बहुतेक कोआला तिकडे वळले नाहीत. काहीशे कोआलांना शेवटी अधिकाऱ्यांनी इंजेक्शन देऊन दयामरण दिलं. ही बातमी लोकांना 2015 मध्ये कळली आणि मोठा गदारोळ झाला. पुढे संशोधकांना प्रश्न पडला की हे कोआला हट्टी होते, की त्यांच्या पोटात मेसमेट पचवणारे जिवाणूच नव्हते? त्यांनी मेसमेट खाणाऱ्या कोआलांची विष्ठा गोळा केली, तिच्यातून जिवाणूंच्या कॅप्सूल बनवल्या आणि मॅना गमवरच्या काही कोआलांना दिल्या. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ज्यांच्या पोटातली जिवाणूंची वसाहत बदलली, ते मेसमेटची पानं जास्त खाऊ लागले.

‘इथलं जंगल तोडायचं आहे ना, मग कोआला उचलून दुसऱ्या जंगलात सोडा’ असं म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग नीट वाचावा. नवीन जंगलात झाडं असतील, पण त्या झाडांसाठीचं पोट कोआलाजवळ असेलच असं नाही.

आजारपणातही हेच पोट आडवं येतं. कोआलांमध्ये क्लॅमिडिया या जिवाणूचा संसर्ग सर्वदूर आहे. डोळ्यांना झाला तर डोळे लाल होऊन सुजतात आणि पुढे अंधत्व येतं. मूत्रमार्गाला झाला तर मागची लोकर ओली, तपकिरी, वास मारणारी होते, आणि जननमार्गाला झाला तर माद्या वांझ होतात. काही वस्त्यांमध्ये निम्म्याहून जास्त कोआला बाधित आहेत. उपचार म्हणजे प्रतिजैविकं. पण ती रोगजंतूंबरोबर अंधांत्रातल्या कामाच्या जिवाणूंनाही मारतात. टॅनिन तोडणारा एक जिवाणू 1995 मध्ये ब्रिस्बेनच्या लोन पाइन कोआला अभयारण्याच्या नावावरून ‘लोनेपिनेला’ म्हणून ओळखला जाऊ लागला. असे जिवाणू गेले की बरा झालेला कोआला भूक मरून दगावू शकतो. भरीला कोआला रेट्रोव्हायरस आहे. तो जनुकांतच शिरून आईबापांकडून पिल्लांकडे जातो, आणि त्याचं प्रमाण जास्त असलेल्या कोआलांना क्लॅमिडियाही जास्त छळतो. म्हणून लशीकडे सगळ्यांचे डोळे होते. सनशाइन कोस्ट विद्यापीठात दहा वर्षांहून जास्त काळ त्यावर काम चाललं आणि सप्टेंबर 2025 मध्ये एका मात्रेच्या लशीला ऑस्ट्रेलियाच्या नियामक संस्थेने मंजुरी दिली. जंगलातल्या कोआलांवरच्या चाचण्यांत मृत्यू किमान 65 टक्क्यांनी घटल्याचं संशोधकांनी सांगितलं. अर्थात प्रत्येक कोआला झाडावरून उतरवून टोचायचा म्हणजे काय व्याप असेल, याची कल्पना करा.

पाणी आणि ऊन हा पुढचा पेच. कोआलाला लागणारं बरंचसं पाणी पानातूनच मिळतं, म्हणून तो पाणी पीतच नाही असं बरीच वर्षं सांगितलं जायचं. 2020 मध्ये सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की पाऊस पडताना खोडावरून ओघळणारं पाणी तो चाटून पितो. कडक उन्हात मात्र तो खाणं कमी करतो, आणि खाणं कमी म्हणजे पाणीही कमी. कोआला घामाने निथळत नाही. धापा टाकून, लोकर चाटून अंग गार करतो, आणि त्यातही पाणीच जातं. मग तो खाली उतरून जाड, गार खोडाला पोट लावून पसरतो. 2014 मध्ये मेलबर्न विद्यापीठाच्या चमूने उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी हे दाखवून दिलं. तापलेल्या दिवशी काही झाडांची खोडं हवेपेक्षा पाच अंशांहून अधिक गार होती, आणि कोआला नेमके त्या खोडांना बिलगत होते. त्यात बाभळीच्या कुळातली, ज्यांचं पानही तो खात नाही, अशी झाडंही होती. म्हणजे जंगल राखताना फक्त खाण्याची झाडं राखून भागत नाही, सावलीची आणि गारव्याचीही लागतात. न्यू साउथ वेल्सच्या गनेडा भागात 2009 च्या उष्णतेच्या लाटेत अंदाजे एक चतुर्थांश कोआला गेले.

आवाजाबद्दल एवढंच: वसंतात, म्हणजे तिकडच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, रात्री नर जो घोगरा आवाज काढतो, तो ऐकून रानडुक्कर आलं असं वाटेल. त्याच्या आकाराच्या प्राण्याचा आवाज असायला हवा त्याहून तो कितीतरी पट खालच्या पट्टीतला असतो. स्वरयंत्राच्या बाहेर, तोंड आणि नाक जिथे मिळतात तिथे त्याला स्वरपटलांची आणखी एक जोडी असते, हे 2013 मध्ये समजलं. एवढ्या काटकसरी प्राण्याने ओरडण्यावर मात्र हात सैल सोडलेला आहे.

कोआला किती धोक्यात आहे, याचं उत्तर कुठे उभं राहून विचारता यावर ठरतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची लोकरीसकट कातडी लाखांनी परदेशी जात होती. क्वीन्सलँडने ऑगस्ट 1927 मध्ये शिकारीला एक महिना मोकळीक दिली आणि त्या एका महिन्यात सहा लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त कोआला मारले गेले. लोक इतके खवळले की पुन्हा तशी परवानगी कुठल्याही सरकारने दिली नाही. दक्षिणेत तोवर कोआला जवळजवळ संपले होते; बेटांवर नेऊन सोडलेले थोडेसे वाचले. त्यांचीच पिलावळ पुढे व्हिक्टोरियाभर पसरवली गेली. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कांगारू आयलंडवर 1920 च्या दशकात 18 कोआला सोडले, त्यांचे शंभर वर्षांत सुमारे पन्नास हजार झाले, इतके की 1990 च्या दशकापासून त्यांची नसबंदी करावी लागली. 2019-20 च्या वणव्यात बेटाचा जवळपास निम्मा भाग जळाला आणि त्यातले बहुतेक कोआला गेले. दक्षिणेकडचे कोआला संख्येने जास्त दिसतात, पण मूठभर पूर्वजांची संतती असल्याने त्यांच्यात जनुकीय वैविध्य कमी आहे. उत्तरेत नेमकं उलट: वैविध्य चांगलं, संख्या घसरती.

उत्तरेतल्या घसरणीचं कारण पुन्हा पानापाशी येतं. सकस मातीत वाढलेल्या झाडाचं पान जास्त पौष्टिक, म्हणून कोआलाला नदीकाठची, सपाटीवरची सुपीक जमीन हवी. शेतकऱ्याला तीच हवी, आणि घरं बांधणाऱ्यालाही तीच. झाडं विरळ झाली की एरवी चार मिनिटं चालणारा प्राणी जमिनीवर उतरून रस्ता ओलांडू लागतो, आणि मग गाडीखाली सापडतो नाहीतर कुत्र्याच्या तोंडी जातो. ब्रिस्बेनच्या आग्नेयेला कोआला कोस्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यात 1996 ते 2014 या काळात त्यांची संख्या सुमारे 80 टक्क्यांनी घटली. 2020 मध्ये न्यू साउथ वेल्सच्या संसदीय समितीने बजावलं की काही केलं नाही तर 2050 च्या आत राज्यातून जंगली कोआला नाहीसे होतील. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्र सरकारने क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानी प्रदेशातल्या कोआलांना ‘असुरक्षित’वरून ‘धोक्यात’ या गटात टाकलं. व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातले त्यात नाहीत. सप्टेंबर 2025 मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या कॉफ्स हार्बरच्या आसपासचं 1,76,000 हेक्टर सरकारी जंगल नव्या ‘ग्रेट कोआला नॅशनल पार्क’मध्ये घेण्याची घोषणा झाली आणि तिथली लाकूडतोड थांबवली गेली. माझ्या मते आजवरच्या उपायांत हा सगळ्यात कामाचा, कारण यात कोआलाला कुठे हलवायचं नाही.

तुमचं कोणी सिडनी, मेलबर्न किंवा ब्रिस्बेनला असेल आणि जाणं झालं, तर कोआला कडेवर घेऊन फोटो काढायची आशा धरू नका. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात त्याला बंदी आहे, आणि क्वीन्सलँडमध्ये परवानगी असूनही लोन पाइनने 2024 मध्ये ती प्रथा स्वतःहून बंद केली. जंगलातला पाहायचा असेल तर व्हिक्टोरियात ग्रेट ओशन रोडवरच्या केनेट रिव्हरला किंवा रेमंड आयलंडला जा. वर पाहत मान दुखवण्याआधी झाडाच्या बुंध्याशी पाहा: दोन सेंटिमीटरच्या लांबट, कडक लेंड्या पडल्या असतील आणि मोडल्यावर निलगिरीचा वास आला, तर वर कोणीतरी आहे किंवा नुकतंच होतं. खोडावर नखांचे ताजे ओरखडेही शोधा. कोआला उन्हात जमिनीवर बसलेला, डोळे लाल किंवा मागची लोकर तपकिरी ओली दिसला, तर स्थानिक वन्यजीव बचाव गटाला फोन करा. पाणी द्यायचं झालं तर पसरट भांड्यात, जमिनीवर ठेवा. व्हिडिओत दाखवतात तसं बाटली तोंडाला लावून पाजू नका. मान वर करून प्यायलेलं पाणी त्याच्या फुप्फुसात जाऊ शकतं.